डोंगराकडचं घर आवडलंय? आधी विम्याचं विचारा

कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोकडे नोकरी घेऊन आलेली आपली मंडळी पहिलं वर्ष फॉल्समच्या अपार्टमेंटमध्ये काढतात आणि मग दर रविवारी घरं बघत फिरायला लागतात. हायवे 50 ने एल डोराडो हिल्स, प्लॅसरव्हिलकडे वर चढत गेलं की झाडी दाट होत जाते. मागे ओक आणि पाइन, लाकडी डेक, खाली दरी. ‘अगदी महाबळेश्वर!’ असं कुणीतरी म्हणतं आणि घर मनात भरतं.

पण महाबळेश्वराला पावसाळा आहे. इथे जून ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नाही. गवत वाळून कडकडीत होतं आणि ऐन दसरा-दिवाळीच्या सुमारास कोरडे वारे सुटतात. पॅरडाइज हे गाव जळालं ते 8 नोव्हेंबर 2018 ला. आपला पाडवा होता त्या दिवशी. 85 माणसं गेली, 18 हजारांहून जास्त इमारती राख झाल्या. अशा आगींनंतर विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला. 2023 च्या मे महिन्यात स्टेट फार्म या बड्या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांच्या नव्या पॉलिसी घेणंच थांबवलं होतं.

म्हणून माझं एकच सांगणं: घराचा पत्ता हातात आला की ऑफर देण्याआधी विम्याचा कोट मागवा. कॅल फायर म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याच्या नकाशावर ते घर आगीच्या ‘व्हेरी हाय’ धोक्याच्या पट्ट्यात येतं का, तेही बघा. ऑफर घालायचीच असेल तर विमा न मिळाल्यास माघार घेता येईल अशी अट त्यात लिहून घ्या. विम्याशिवाय बँक कर्ज देत नाही, आणि पुढे कधी विमा तुटला तर बँक स्वतःच एक महागडी पॉलिसी तुमच्या गळ्यात मारते. जवळपास कुठे आग पेटलेली असेल तर कंपन्या त्या भागातल्या नव्या पॉलिसी तात्पुरत्या बंद ठेवतात, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

कोट मागताना एकाच कंपनीच्या एजंटवर थांबू नका. चार कंपन्यांकडे विचारू शकेल असा स्वतंत्र ब्रोकर धरा. सगळ्यांनी नाही म्हटलं तर शेवटचा आधार म्हणजे फेअर प्लॅन. 1968 पासून चालू आहे. ही सरकारी योजना आहे असा आपल्याकडे सर्रास समज आहे, पण ती खासगी विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली सोय आहे. त्यात मुळात आग, कोसळणारी वीज, घरातला स्फोट, धूर एवढंच येतं. चोरी, फुटलेला पाइप, पायऱ्यांवर घसरून पडलेला पाहुणा, यातलं काही नाही. त्यासाठी ‘डिफरन्स इन कंडिशन्स’ नावाची दुसरी पॉलिसी जोडावी लागते. दोन्हींचे हप्ते बेरजेला धरा आणि मगच ‘परवडतं’ म्हणा.

रक्कम ठरवताना आपण हमखास चुकतो. घर आठ लाख डॉलरला घेतलं म्हणून विमा आठ लाखांचा नसतो. जमीन जळत नाही. प्रश्न आहे तो बांधकाम पुन्हा उभं करायला काय लागेल याचा. मोठ्या आगीनंतर गावात सगळेच एकदम बांधायला काढतात, मजुरी आणि सामान भडकतं. म्हणून मूळ रकमेवर वाढीव 25 ते 50 टक्के मिळण्याची सोय आणि नव्या बांधकाम नियमांचा खर्च, हे दोन्ही मागून घ्या. भरपाई नव्याच्या भावाने मिळणार की घसारा वजा करून, हेही विचारा. फेअर प्लॅनमध्ये तर नक्कीच. आणि हो, आईच्या पाटल्या! दागिन्यांच्या चोरीसाठी बहुतेक पॉलिसींत जेमतेम दीड-दोन हजार डॉलरची मर्यादा असते. सोनं वेगळं नोंदवा, नाहीतर लॉकरमध्ये ठेवा.

घर घेतलं म्हणजे सुटलात असंही नाही. सहाव्या वर्षी आमच्या विमा कंपनीचं पत्र आलं, नूतनीकरण नाही. असं पत्र मुदत संपायच्या किमान 75 दिवस आधी यावं लागतं, तेवढेच दिवस हातात. कारण काय, तर विमानातून काढलेल्या फोटोत छपरावर पाइनच्या सुयांचा थर दिसत होता. खरं होतं, मी दोन वर्षं वर चढलो नव्हतो. मग छप्पर आणि पन्हळी साफ केल्या, माळ्याच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी बसवली, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण शेवटचे पाच फूट कापून तिथे लोखंडी फाटक लावलं. घराभोवतीचे पहिले पाच फूट महत्त्वाचे, कारण बहुतेक घरं ज्वाळांनी नाही, उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. अशा कामांबद्दल हप्त्यात सूट द्यायचा नियम 2022 पासून राज्यात आहे, तेव्हा पावत्या आणि फोटो जपून ठेवा.

नव्या कंपनीची निरीक्षक बाई आली ती दारातच थांबली. काथ्याचं पायपुसणं आणि चौकटीवर दिवाळीपासून लटकणारं, कुरकुरीत वाळलेलं झेंडूचं तोरण, दोन्हींचे फोटो काढले तिने. तुळशीच्या कुंडीला मात्र काही बोलली नाही. आता तोरण भाऊबीज झाली की उतरवतो. पायपुसणं रबरी आणलंय. त्याला पाय काही नीट पुसले जात नाहीत.