हिवाळ्यात फुलणारे डॅफोडिल फुलत नाहीयेत? या चुका टाळा

डॅफोडिल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर इंग्लंडमधले मार्च-एप्रिलचे पिवळे ताटवे येतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, बाकी बागेत काहीच नसताना फुलणारे डॅफोडिलही आहेत आणि कंदांचा नाद लागलेल्या लोकांसाठी खरा सीझन तोच. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरातला फिकट पिवळा रोमिउक्सी, दक्षिण स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतला पांढराशुभ्र कँटाब्रिकस (या दोघांचं फूल म्हणजे अगदी घेरदार परकर), मग घोसाने फुलणारे, घमघमणारे टाझेटा म्हणजे पेपरव्हाईट वगैरे, आणि दिल्लीत थंडीत रस्त्यावर जुड्या विकायला येतात तो नर्गिसही यांच्यातलाच.

आता तक्रारी. "पानं भरपूर आली, फूल नाही", "कळी आली आणि कागदासारखी वाळली", "कंद कुजला". दरवर्षी हेच प्रश्न येतात आणि जवळपास सगळ्यांचं मूळ एकच असतं, आपण यांना वसंतात फुलणाऱ्या मोठ्या डॅफोडिलसारखं वागवतो. यांचं घड्याळ वेगळं आहे हो. भूमध्य समुद्राच्या आसपास उन्हाळा कडक आणि कोरडा, पाऊस पडतो तो शरद आणि हिवाळ्यात, त्यामुळे हे कंद उन्हाळाभर जमिनीत सुके पडून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर उठतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फ्रिज. ट्युलिप आणि मोठ्या ट्रम्पेट (फुलाच्या मधे लांब तुतारीसारखी नळी असलेल्या) डॅफोडिलना थंडी लागते हे खरंय, त्यांना 9 अंशांच्या आसपास तीनेक महिने मिळाले नाहीत तर दांडा नीट लांबत नाही आणि फूल पानातच अडकतं. पण पेपरव्हाईटला थंडीची गरजच नाही! उलट त्याची कळी कंदाच्या आत तयार होते ती उन्हाळ्याच्या गरमीत, म्हणून तर व्यापारी लोक हे कंद 25-30 अंशात साठवतात. म्हणजे ज्याला ऊब हवी त्यालाच आपण भाजीच्या कप्प्यात कोंबतो, आणि शेजारी सफरचंदं असतील तर अजूनच वाईट, कारण पिकणाऱ्या फळांमधून निघणारा इथिलीन वायू थंडीत ठेवलेल्या कोवळ्या कळ्या मारतो. गंमत म्हणजे हाच वायू धुरातही असतो आणि इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या सिली बेटांवरचे शेतकरी 'सोलेल दोर' या टाझेटाच्या शेतावर उन्हाळ्यात मुद्दाम धूर करतात, त्याने फुलं लवकर येतात. तेव्हा पेपरव्हाईट कागदी पिशवीत, हवेशीर, कोरड्या जागी ठेवा, बास.

दुसरी चूक, उन्हाळ्यात पाणी. पानं पिवळी पडून वाळली की रोमिउक्सी, कँटाब्रिकस यांच्या कुंड्यांना पाणी बंद म्हणजे बंद, दया येऊन थोडंसुद्धा घालायचं नाही. गरम आणि ओल्या मातीत फ्युझेरियम बुरशी जोर धरते, कंदाच्या बुडापासून चॉकलेटी कुज वर चढत जाते आणि वरून काही कळतही नाही. कंद हातात घेऊन बुडाशी अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागला तर सरळ फेकून द्या, कंपोस्टमध्ये नको. युकेमध्ये राहणाऱ्यांनी या कुंड्या थंड ग्रीनहाऊसमध्ये किंवा कोल्ड फ्रेममध्ये (काचेच्या झाकणाच्या पेटीत) ठेवायच्या, तिथला उन्हाळी पाऊसच यांना बाधतो. आणि पुण्या-मुंबईकडे तर सगळं उलटंच आहे, कंद झोपलेले असतात नेमके तेव्हाच आपला चार महिन्यांचा पाऊस! म्हणून जूनच्या आधी कुंडी छपराखाली, जमल्यास कंद काढून जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा. पुढच्या वर्षी फुलतीलच असं वचन मी देणार नाही, पण गच्चीवर भिजत ठेवलेले कुजणार हे नक्की.

पण इथेच एक उपचूक आहे आणि ती जुनेजाणते लोकसुद्धा करतात, सगळ्यांनाच भट्टीत घातल्यासारखं सुकवायचं. 'सेड्रिक मॉरिस' नावाचा छोटा पिवळा ट्रम्पेट आहे, इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या आधीच फुलतो, चित्रकार सेड्रिक मॉरिस यांच्या सफोकमधल्या बागेतून तो लोकांपर्यंत गेला. हा मूळचा उत्तर स्पेनचा, तिकडे उन्हाळ्यातही पाऊस असतो. याला मोरोक्कोवाल्यांसारखं कोरडं भाजलं तर कंद सुकून आकसतो. याला सरळ बागेत, थोडी ओल धरणाऱ्या मातीत लावा. बल्बोकोडियम (परकरासारख्याच फुलाचा यांचा भाऊबंद) याचंही तसंच, इंग्लंडमधल्या विझ्लीच्या प्रसिद्ध बागेत तो ओलसर गवतात हजारोंनी पसरलाय. त्यामुळे कंद घेताना नाव बघा आणि तो कुठल्या डोंगरातला आहे हेही बघा, पाण्याचं वेळापत्रक त्यावरून ठरतं.

उशिरा लागवड हीसुद्धा मोठी चूक. सेलमध्ये स्वस्त मिळतात म्हणून डिसेंबरात कंद घ्यायचे आणि मग फूल नाही म्हणून रडायचं. रोमिउक्सीसारख्यांना ऑगस्टमध्ये नवीन मातीत लावायचं (निम्मी माती, निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी), आणि सप्टेंबरच्या शेवटी रात्री गार व्हायला लागल्या की एकदाच भरपूर पाणी, त्याने मुळं जागी होतात. कळी दिसायला लागल्यावर माती पूर्ण सुकू द्यायची नाही. ती जी कागदासारखी वाळलेली कळी असते ना, तिचं कारण बहुतेक वेळा हेच, नाहीतर मग हीटरजवळची खिडकी.

घरात पेपरव्हाईट लावणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे पानं लांब होऊन आडवी पडतात. ऊब जास्त, उजेड कमी, म्हणून. खिडकीतली सगळ्यात उजेडाची आणि घरातली सगळ्यात गार जागा द्या. यावर अजून एक उपाय आहे, ऐकायला विचित्र वाटतो पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नीट तपासलेला आहे. मातीऐवजी खड्यांत पाणी घालून लावले असतील तर कोंब दोन-चार सेंटीमीटर झाल्यावर साधं पाणी ओतून टाकायचं आणि त्याऐवजी 5 टक्के अल्कोहोलचं पाणी घालायचं. 40 टक्केवाली व्होडका असेल तर एक भाग व्होडका, सात भाग पाणी. झाड तिसरा हिस्सा तरी बुटकं राहतं, फुलं मात्र नेहमीएवढीच. बिअर, वाईन चालत नाही, त्यातली साखर बाधते, आणि 10 टक्क्यांच्या वर गेलात तर झाडच खराब होईल.

पानांवर सूड उगवू नका. फुलं गेली की कुंडी घाणेरडी दिसते म्हणून पानं कापतात, गाठी मारतात, रबर लावतात... पुढच्या वर्षीची कळी ही याच पानांच्या जेवणावर बनते! ती आपणहून पिवळी होईपर्यंत पाणी आणि टोमॅटोला घालतात तसलं जास्त पोटॅशचं पातळ खत द्या, युरिया वगैरे अजिबात नको, नायट्रोजनने नुसती पानं माजतात.

युरोपात राहणाऱ्यांसाठी, पानं वाळत असताना मे-जूनमध्ये नार्सिसस (हे डॅफोडिलचंच शास्त्रीय नाव) माशीकडे लक्ष ठेवा. दिसायला छोट्या भुंग्यासारखी, पानांच्या बुडाशी अंडी घालते आणि अळी कंद आतून पोखरते. पुढच्या हंगामात गवतासारखी चार बारीक पानं येतात तेव्हा कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. पानं गळाल्यावर राहिलेली भोकं मातीने बुजवा, कुंड्यांवर बारीक जाळी टाका. कंद गरम पाण्यात बुडवायचा उपाय कुणीतरी सांगेलच, तो खोटा नाही, रॅम्सबॉटम नावाच्या संशोधकाने विझ्लीला पहिल्या महायुद्धाच्या काळात तो सूत्रकृमींसाठी (कंद खाणाऱ्या सूक्ष्म कृमींसाठी) बसवला आणि व्यापारी शेतीत आजही 44.4 अंशाला तीन तास असं करतात. पण गॅसवरच्या पातेल्यात एवढं नेमकं तापमान धरता येत नाही, कंद शिजतात, तेव्हा घरी करू नका.

खरेदीबद्दल माझं मत ठाम आहे. डोंगरातून उपटून आणलेले कंद घेऊ नका, कितीही दुर्मिळ असले तरी. रोमिउक्सी आणि कँटाब्रिकस बियांपासून छान येतात, शरद ऋतूत पेरा, तीन-चार वर्षांत फूल, आणि प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं, ही मजा विकतच्या कंदात नाही. हिरव्या फुलाचा व्हिरिडिफ्लोरस किंवा सेरोटिनस मात्र पहिल्याच वर्षी घ्यायला जाऊ नका, ते शरदातच फुलतात पण कुंडीत फार रुसतात.

आणि हे कंद स्वयंपाकघरात कुठेही ठेवू नका. दिसायला हुबेहूब छोटे कांदे, पण आत लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं, चुकून फोडणीत गेलं तर उलट्या, पोटात मुरडा सगळं होतं. पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, हाताळताना ग्लोव्हज घाला कारण चिकाने काहींच्या हातावर पुरळ येतं, आणि कुत्रं-मांजर असेल तर पिशवी उंच ठिकाणी टांगा.