मूल २१ वर्षांचं होतंय? एच-४ वरून एफ-१ करताना या चुका टाळा

अमेरिकेत वाढलेल्या आपल्या मुलांचा एकविसावा वाढदिवस घरात फार आधीपासून लक्षात ठेवायला हवा. त्या दिवशी त्यांचं एच-४ (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या आईवडिलांमुळे मिळणारं स्टेटस) संपतं. आईवडिलांची ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली आहे किंवा मूल कॉलेजच्या कितव्या वर्षाला आहे, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. आमच्या मुलीचं स्टेटस कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी एच-४ वरून एफ-१ असं, म्हणजे विद्यार्थ्याचं, करावं लागलं. तेव्हा कळलेल्या गोष्टी इथे लिहिते आहे.

आय-९४ वरच्या तारखेवर विसंबणं

ही चूक आमच्याकडून होता होता राहिली. मुलीच्या आय-९४ वर (अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीवर) वडिलांच्या एच-१बीच्या मुदतीची तारीख पडली होती, म्हणजे तिच्या वाढदिवसानंतरची. आम्ही निर्धास्त होतो. वकिलांनी सांगितलं की कागदावर पुढची तारीख असली तरी एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ राहत नाही, त्यामुळे स्टेटस बदलण्याचा आय-५३९ अर्ज त्याआधीच पोचायला हवा. सीएसपीए या मुलांच्या वयाबाबतच्या कायद्यामुळे वय 'गोठतं' असंही आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तो कायदा फक्त ग्रीन कार्डासाठी आहे, एच-४ त्याने वाचत नाही.

कॉलेजकडून आय-२० (एफ-१ साठी लागणारा प्रवेशाचा कागद) मिळवणं, सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर फी भरणं, पैशाचे पुरावे गोळा करणं यात वेळ जातो. माझं मत विचाराल तर वाढदिवसाच्या वर्षभर आधी कॉलेजच्या डीएसओंना (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) भेटायला मुलांना पाठवा.

अर्ज चालू असताना भारतात जाणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आय-५३९ चा निकाल लागायच्या आत मूल अमेरिकेबाहेर गेलं, तर स्टेटस बदलण्याचा अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. फी जाते, महिने जातात आणि मधल्या काळात २१ पूर्ण झाली तर एच-४ वर परतही येता येत नाही. डिसेंबरात पुण्याला माझ्या भाचीचं लग्न होतं. लेक इथेच थांबली. अक्षता पडताना ती फोनवर रडत होती, पण तिला थांबवलं हे बरोबरच केलं.

अर्ज मंजूर झाल्यावरही एक गोष्ट राहते. स्टेटस बदलतं, पासपोर्टवरचा व्हिसा बदलत नाही. नंतर भारतात गेलं की मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये किंवा भारतातल्या दुसऱ्या कॉन्सुलेटमध्ये एफ-१ चा व्हिसा घ्यावा लागतो आणि शिक्षण संपल्यावर परतण्याचा इरादा तिथे पटवून द्यावा लागतो. काहीजण म्हणूनच आय-५३९ न भरता थेट भारतातून एफ-१ घेऊन येतात. हा रस्ता सरळ आहे. पण ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असलेल्या घरातल्या मुलाला व्हिसा नाकारला गेला तर ते भर शिक्षणात तिकडेच अडकतं. डिग्रीच्या मधोमध मी तरी तो धोका पत्करला नसता.

आय-२० हातात आला म्हणून काम सुरू करणं

आय-२० म्हणजे एफ-१ नव्हे. मंजुरी येईपर्यंत कॉलेजच्या लायब्ररीतलं कामसुद्धा करायचं नाही. मंजुरीनंतर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आणखी एक हिशेब करावा. ओपीटीसाठी (एफ-१ विद्यार्थ्याला आपल्या विषयात तात्पुरतं काम करू देणाऱ्या परवानगीसाठी) एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं. एच-४ वर शिकलेलं वर्षही त्यात धरतात, ही दिलाशाची गोष्ट. मात्र ओपीटीचा अर्ज करताना हातात एफ-१ असलंच पाहिजे. डिग्री संपेपर्यंत ते आलं नाही तर ओपीटीची संधी हुकते.

आय-२० वरच्या तारखेकडे दुर्लक्ष

मूल आधीपासूनच वर्गात बसत असतं, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आय-२० वरची सुरुवातीची तारीख निकालाआधी उलटणार असेल, तर डीएसओंना सेविसमध्ये ती पुढे ढकलावी लागते. त्यांच्याकडे शेकडो विद्यार्थी असतात. दर महिन्याला आपणच ईमेल करून आठवण द्यावी.

फीचंही आधी विचारून घ्या. एच-४ वर राज्यातल्या रहिवाशांची फी लागत असेल, तर एफ-१ झाल्यावर ती सवलत अनेक राज्यांत जाते. शिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, आणि त्यात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. एच-४ वर नऊ क्रेडिटवर भागत होतं, ते आता चालणार नाही.

मंजुरीचं पत्र आलं की त्याची प्रत त्याच दिवशी डीएसओंना द्या. त्यांनी सेविसमधली नोंद चालू केली की नाही, हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका.