कृष्णाकाठच्या सपाट रस्त्यावर सायकल: वारा, सराटे आणि उसाच्या ट्रॉल्या

सांगलीकराला घाट गाठायचा तर लांब जावं लागतं, सपाट रस्ता मात्र दारातच आहे. त्यामुळे नवी रोड बाईक घेतलेला माणूस पहिल्याच रविवारी नदीकाठानं ६० किलोमीटर मारायला निघतो आणि शेवटच्या पंधरात पार गळून जातो. घाटात चढ संपला की उतारावर पायांना विसावा मिळतो. इथं तो मिळत नाही, पायडल अखंड चालू ठेवावं लागतं. म्हणून सपाट रस्त्यावर दमापेक्षा जास्त महत्त्वाचं ठरतं ते कुठल्या दिशेनं आणि किती वाजता निघायचं हे.

उदाहरण म्हणून एक फेरी घेऊ: सांगली, माधवनगर, नांद्रे, वसगडे, भिलवडी, तिथून पूल ओलांडून अंकलखोप-औदुंबर, मग आष्टा, तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी आणि आयर्विन पुलावरून परत. सगळं मिळून ५५ ते ६० किलोमीटर होतं. ऊस, हळद, अधूनमधून पाणथळ झालेलं क्षारपड रान, चरात वाढलेलं पाणकणीस आणि त्यात उभे बगळे, असा हा सगळा मुलूख.

दिशा आणि वेळ

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, वारा पश्चिमेकडून येतो आणि उघड्या रानात त्याला अडवायला काही नसतं. तेव्हा आधी माधवनगरकडून निघा. भिलवडी ते आष्टा हा सर्वांत त्रासाचा, थेट वाऱ्यात जाणारा तुकडा पाय ताजे असतानाच संपतो आणि आष्ट्यापासून सांगलीपर्यंत वारा पाठीवर राहतो.

हिवाळ्यात फेरी उलटी करा. सकाळचा वारा हलका असतो, पण पूर्वेकडचा असतो. जाताना तो पाठीवर असतो म्हणून कळत नाही, सायकल आज छान पळतेय असं वाटतं आणि परतताना हिशेब चुकतो. शिवाय परतीला ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं, त्यात तुम्ही त्याला दिसतच नाही. सांगली-आष्टा रस्ता मोठा आणि वर्दळीचा आहे. तो पहाटेच, सूर्य पाठीमागे असताना उरकावा आणि उन्हाचा तुकडा नांद्र्याकडच्या कमी गर्दीच्या रस्त्यावर घ्यावा. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली पातळ टोपी घातली तर बराच फरक पडतो.

डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी दाट धुकं असतं. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. चष्म्यावर पाणी साचलं की तो काढून खिशात टाका, पुसत बसू नका. एप्रिल-मे महिन्यांत दहाच्या आत घरी. उन्हाचं कारण आहेच, पण दुपारनंतर वळीव आला की रस्त्याकडेच्या जुन्या चिंचांच्या वाळक्या फांद्या सटासट खाली येतात.

पुराच्या दिवसांत आयर्विन पुलाची पाणीपातळी पाहिल्याशिवाय निघू नये. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. सांगलीत कोरडं ऊन पडलेलं असतानाही कोयनेतून सोडलेल्या पाण्यानं नदी फुगते, त्यामुळे आभाळाकडे बघून अंदाज बांधता येत नाही. पाणी ओसरल्यावरही आठवडाभर थांबा. डांबरावर बसलेला गाळ ओला असताना साबणासारखा निसरडा असतो. ओढ्यांवरच्या फरशी पुलांवर शेवाळ धरतं. तिथं हँडल सरळ, ब्रेक मोकळे आणि पायडल थांबवून सायकल जाऊ द्या. फरशीवरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसलं तरी सायकल वळवायची.

रस्ता वाचणं

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरचं डांबर तिच्यासोबत हलतं, म्हणून मार्चनंतर रस्त्याच्या कडेनं, रस्त्याला समांतर, लांबच लांब भेगा पडतात. आडवी भेग नुसती आदळते. उभ्या भेगेत २५ मिलिमीटरचं चाक अडकलं की माणूस हँडलवरून जातो. त्यामुळे अगदी कडेला चिकटून चालवणं इथं सुरक्षित नाही. डांबराच्या कडेपासून हातभर आत राहा. साइडपट्टी बऱ्याच ठिकाणी चार बोटं खाली गेलेली असते. चुकून उतरलात तर तिरकं वर चढायला जाऊ नका. वेग कमी करा, थांबा, सायकल उचलून वर घ्या. रेल्वे फाटकातले रूळही असेच, काटकोनातच ओलांडायचे.

झाडीतून जाताना उलटा त्रास होतो. ऊन-सावलीच्या ठिपक्यांत खड्डा दिसत नाही. गडद काचेचा गॉगल अशा वेळी नडतो, पारदर्शक किंवा पिवळी काच बरी. झाडीच हवी असेल तर मिरजेकडून दंडोबा, नाहीतर देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य आहे, पण दोन्हीकडे शेवटी चढ लागतो. सागरेश्वरच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी हरणं शेतात उतरतात, तेव्हा वेग आवरता ठेवा.

ऊसतोडीचा हंगाम

साधारण नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ही सपाट रस्त्यावरची सर्वांत मोठी धास्ती. मागची ट्रॉली डावी-उजवीकडे झोके घेते आणि बाहेर आलेले ऊस ट्रॉलीच्या रुंदीपेक्षा फूटभर जास्त जागा खातात. वारा चुकवायला ट्रॉलीच्या मागे लागण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण वरून निसटलेला एक ऊस पुढच्या चाकाखाली आला तर तो लाटण्यासारखा फिरतो. किमान २० मीटर अंतर ठेवा. पुढे जायचं तर उजवीकडूनच, समोरचा रस्ता लांबवर पूर्ण मोकळा दिसत असेल तरच. डावीकडून घुसणं म्हणजे ट्रॉली आणि चर यांच्यात सापडणं. पहाटे बैलगाड्यांची रांग बिनदिव्याची असते, म्हणून पुढचा दिवा आपल्याला रस्ता दाखवेल इतका प्रखर हवा, नुसता लुकलुकणारा नको.

फडातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखल येतो. तो टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत भरला की चाक अक्षरशः थांबतं. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या धावेवर ब्रेक दाबणाऱ्या सायकलींना हा त्रास जास्त. बाभळीची बारीक काटकी घेऊन तिथल्या तिथे खरवडून काढा, वाळला की दगड होतो.

वाळवा-शिराळा पट्ट्यात उसात बिबट्या असतो हे गावोगाव माहीत आहे. अंधारात उसाच्या कडेला वाकून किंवा बसून पंक्चर काढू नये. वस्तीपर्यंत चालत जावं, टायर खराब झाला तरी चालेल.

काटे आणि पंक्चर

शेताच्या कुंपणाच्या बाभळीच्या काट्या रस्त्यावर सांडतात आणि पावसाळा संपला की कडेला सराटे पिकतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा पंक्चरचा हंगाम. २५ मिलिमीटर रुंदीऐवजी २८ किंवा ३२ चा टायर बसत असेल तर बसवा. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये पुढे ६५-७०, मागे ७०-७५ पीएसआय हवा पुरते. ३२ ला पुढे ५०-५५, मागे ५५-६०. शंभरपर्यंत ठोकून भरलेला टायर वेगवान नसतो, तो फक्त हात बधिर करतो.

सोबत दोन ट्यूब, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, पंप, पॅच, सॉलिशन, पॉलिश पेपर आणि बारीक वॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टर. अडॅप्टर विसरू नका. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलचाच नोझल असतो आणि रोड बाईकच्या चाकाची, ७०० च्या मापाची ट्यूब तिथं मिळत नाही. त्याचा कॉम्प्रेसर क्षणात टायर फोडू शकतो, तेव्हा थोडी हवा त्याची, उरलेली आपल्या पंपानं. गरम पॅच लावू देऊ नका, पातळ ट्यूब वितळते.

ट्यूब काढण्याआधी वॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरासमोर आहे ते लक्षात ठेवा. ट्यूबचं भोक सापडलं की तेवढ्याच अंतरावर टायरमध्ये काटा असणार. आतून बोट फिरवण्याऐवजी रुमाल फिरवा, काटा कापडाला अडकतो आणि बोटही वाचतं. सराटा निघाला तरी त्याचं टोक रबरात मोडून राहतं. ते नखानं बाहेर ढकलल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, दुसरं पंक्चर बहुतेक वेळा याच घाईतून होतं. पॅच लावायचा तर ट्यूब घासा, सॉलिशनचा पातळ थर द्या आणि तो पाच मिनिटं वाळू द्या. ओल्यावर लावलेला पॅच दोन किलोमीटरही टिकत नाही.

पाय, हात, पोट

सपाटीवर लोक जड गिअर लावून रेटतात. ताशी २६ किलोमीटरला चेन पुढे ५० दातांच्या आणि मागे १५ दातांच्या चक्रावर असेल तर पायाचे मिनिटाला जेमतेम ६२ फेरे पडतात आणि गुडघे बोलू लागतात. तोच वेग मागे २१ दातांवर घेतला तर ८७ च्या आसपास फेरे पडतात आणि भार मांड्यांऐवजी श्वासावर जातो. समोरून वारा असला की वेगाकडे बघू नका, फेरे तेवढेच ठेवा. बसण्याची ढब तासन्‌तास बदलत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदला आणि पाच-सहा फेरे उभं राहून मारा, नाहीतर करंगळीला मुंग्या येतात.

तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी, एका बाटलीत चिमूटभर मीठ आणि साखर. खायला महागड्या जेलपेक्षा आपले बेदाणे उत्तम. ४० ग्रॅमच्या मुठीतून साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. पहिली मूठ ४५ मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता. भडंग घरी आल्यावर, चालत्या सायकलवर ते घशात अडकतं. रसवंती दिसली की थांबायला हरकत नाही, फक्त बर्फ नको म्हणा.

घरी आल्यावर सायकल बादलीतल्या पाण्यानं धुवा. सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं बेअरिंगमध्ये पाणी आणि काळी माती दोन्ही शिरतात. चेन रॉकेलच्या फडक्यानं पुसताना डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर दुसरं फडकं झाका. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब तेल, दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसून काढायचं. वर राहिलेलं तेल पुढच्या रविवारी उसाच्या पाचटाची धूळ गोळा करतं.