भिंतीवर बाग करताय? या चुका टाळा

टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर हौसेनं कुंड्यांची चौकट बसवली. एप्रिल उजाडला आणि वरच्या ओळीतलं फर्न पापडासारखं कुरकुरीत झालं. त्याच आठवड्यात तळातलं सिंगोनियम नुसतं धरलं तर देठासकट हातात आलं, मुळं काळी, वास कुजका. पाणी रोज देत होतो. पण ते ओघळून खाली जमायचं आणि वरच्या कुंड्या कोरड्याच राहायच्या. म्हणून वरच्या ओळींची नळी आणि वॉल्व्ह वेगळा ठेवा, तळाला उताराची पन्हळ द्या. मावळतीचं ऊन खाणाऱ्या भिंतीवर फर्न लावणं ही तर माझीच चूक. तिथं रिओ, जेड टिकतात.

ठिबकचं पाणी कमी पडू लागलं तर आधी ड्रिपर उघडून बघा. ड्रिपर म्हणजे पाणी थेंबथेंब सोडणारं बोंडूक; बोअरच्या जड पाण्यानं त्याच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. रात्रभर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून धुतला की मोकळा होतो. पुढं टाकीपाशी जाळीचा फिल्टर लावा. नळाला रोज पाणी येत नसेल तर बागेपुरती वेगळी टाकी हवीच. उन्हाळ्यात कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन दिवसांत कोरडं ठाक पडतं.

जूनमध्ये पाऊस लागला की ठिबकचा टायमर बंद करा. चौकट आणि भिंत यांत चार बोटं अंतर सोडा, नाहीतर ओल घरात उतरते. भिजलेल्या मातीचं वजन गिलाव्यातले स्क्रू पेलत नाहीत. जुन्या मातीच्या भिंतीवर तर काही टांगूच नका.

मोठ्या इमारतींचंही असंच आहे. इटलीतल्या मिलानमध्ये 2014 साली पुऱ्या झालेल्या ‘बॉस्को व्हर्टिकाले’ या बाल्कन्यांत झाडं लावलेल्या उंच इमारतींची झाडं टिकली, कारण दोरावरून उतरून छाटणी करणारे माळी तिथं नेमलेत. चीनमधल्या चेंगडूत मात्र 2020 पर्यंत अशाच झाडांच्या बाल्कन्यांच्या एका संकुलात मोजकीच कुटुंबं राहायला आली होती. बाल्कन्यांत रान माजलं, डास झाले. त्यामुळं सोसायटीनं झाडांच्या खर्चाआधी माळ्याच्या पगाराचा हिशेब मांडावा, असं मला कळकळीनं वाटतं.

आम्ही शेवटी चौकट उतरवली. भिंतीपासून हातभर अंतरावर, जमिनीतच मधुमालती लावली आणि गच्चीपर्यंत तारा ताणल्या. आपल्या तांबड्या मातीत ती जोमानं धरते. पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड एक बादली पाणी घातलं, तेवढंच.