हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत हाडाची पावडर भरताय? या चुका टाळा

“डॉक्टर, पावडर भरली की दात घट्ट होतील ना?” पायोरियाच्या शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न हमखास येतो. पहिली चूक इथेच होते. पावडर म्हणजे सिमेंट नव्हे. ती नुसता आधार देते, हाड बनवतात आपल्याच पेशी. म्हणून हाडाची झीज कशी झाली आहे हे आधी पाहायचं. दाताशेजारी खोल, अरुंद खड्डा असेल आणि त्याच्या तीन बाजूंना हाडाच्या भिंती शाबूत असतील, तर पावडर जागेवर राहते, रक्ताची गुठळी हलत नाही आणि हाड भरून येण्याची आशा चांगली असते. सगळीकडून हाड सारखंच खाली गेलं असेल, तर वर कितीही पावडर टाका, उंची वाढत नाही. तिथे महागडी पावडर आणि पडदा (पावडरीवर झाकायचं पातळ आवरण) सुचवणं मला पटत नाही.

ही पावडर बऱ्याचदा गायीगुरांच्या हाडापासून बनते. ज्यांना ते चालत नाही त्यांना आधी सांगायलाच हवं. कृत्रिम पर्याय मिळतात.

पावडरीच्या जोडीला पीआरएफही वापरतात. पीआरएफ, म्हणजे पेशंटच्याच रक्तातून काढलेली जेली, ही पद्धत फ्रान्समध्ये शुक्रून या डॉक्टरांनी २००१ साली मांडली. रक्ताची नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की तळाशी लाल, मध्ये पिवळसर जेली आणि वर पातळ द्रव असे तीन थर पडायला हवेत. जेली धरलीच नाही? आधी झाकणाचा रंग बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध असतं, तिच्यात जेली होणारच नाही. जेली विसविशीत निघाली, चिमट्यात तुटली, तर बहुधा रक्त काढल्यावर मशीन सुरू करायला उशीर झालेला असतो. मशीन तयार ठेवूनच सुई टोचा.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक. “तंबाखू खाता का?” असं विचारलं की मावशी मनापासून “नाही” म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची पूड. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि बोट फिरतं ते थेट टाक्यांवरून. म्हणून “मिश्री लावता का?” असंच विचारायचं. विडी-सिगारेटनेही जखम उशिरा भरते आणि हाड कमी येतं. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर तपासून आटोक्यात आणल्याशिवाय घाई नको.

घरी गेल्यावर आरशासमोर ओठ ओढून टाके बघू नका, त्या ताणाने जखमेची कड उघडते. पहिल्या दिवसांत जिभेला रव्यासारखे दोन-चार कण लागले तर घाबरू नका. रोज लागत असतील, पांढरा पडदा दिसत असेल किंवा पू येत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. क्लोरहेक्सिडिनची गुळणी पेस्टने घासल्यावर लगेच करू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर औषधाचा जोर कमी होतो.

महिन्याभरात “हाड आलं का?” म्हणून तिथे बारीक सळई घालून मोजायला लावू नका. आत जे कोवळं जुळत असतं ते फाटतं. मोजमाप आणि एक्स-रे सहा महिन्यांनंतर, पण कीटण काढून घ्यायला दर तीन महिन्यांनी या.