सीएनसीचा ड्राइव्ह बदलताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात देव्हाऱ्याची महिरप कोरताना माझ्या सीएनसी मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीव मशीनचा, एक्स ॲक्सिस (टूल आडवं नेणारी दिशा) मध्येच अडला. मोटार गुरगुरत होती, थरथरत होती, पण ॲक्सिस सरकवणारा लांब स्क्रू फिरत नव्हता. टूल एकाच जागी घासत राहिलं आणि शेडभर सागवान करपल्याचा वास पसरला. मशीन छोटं, ६०० बाय ४०० मिलिमीटरचं. सांगलीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बरीच वर्षं चालतंय. कंट्रोल बॉक्समध्ये मोटारी फिरवणारे ड्राइव्ह टीबी६५६० चिपच्या एकाच जुन्या बोर्डावर होते, आणि त्यातली एक चिप काळी पडली होती. बोर्ड म्हातारा झाला असं मी धरून चाललो आणि पुण्याला बुधवार पेठेत जाऊन तसाच नवा आणला. चौथ्या दिवशी तोही गेला.

दोष बोर्डात नव्हताच. मशीनबरोबर हलणाऱ्या केबल चेनमधून (वायरी सांभाळणाऱ्या प्लास्टिकच्या साखळीतून) जाणारी मोटारची एक वायर आतून तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार मात्र तुटलेली. मशीन मधोमध असलं की टोकं जुळायची, कडेला गेलं की सुटायची. चालू मोटारची वायर अशी सुटली की कॉइलमधली ऊर्जा उलटून ड्राइव्हवर येते आणि चिप मारते. हातभर वायरीपायी माझे दोन बोर्ड गेले. म्हणून ड्राइव्ह कशाने मेला हे कळेपर्यंत नवा ड्राइव्ह जोडूच नका, हे मी भेटेल त्याला सांगतो.

दोष न शोधता सामान मागवणं

एक्स अडला म्हणजे एक्सचा ड्राइव्ह गेला, असं नसतं. आधी मोटार आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ॲलन कीने तपासा. तो सैल असला तरी लक्षणं हुबेहूब ड्राइव्ह गेल्यासारखी दिसतात. मग मशीन पूर्ण बंद करा आणि एक्स व वायच्या (पुढे-मागे नेणाऱ्या ॲक्सिसच्या) मोटारींची जोडणी ड्राइव्हपाशी अदलाबदल करा. आता एक्सला हुकूम दिल्यावर वायची मोटार नीट फिरली, तर एक्सचा ड्राइव्ह ठीक आहे. दोष मोटारीत किंवा तिच्या वायरीत. तीही अडली, तर दोष ड्राइव्हचा किंवा त्याच्यापर्यंत येणाऱ्या सिग्नलचा. या तपासणीला एक रुपया लागत नाही.

मोटार तपासायला मल्टिमीटर पुरतो. चार वायरींच्या मोटारीत दोन कॉइल असतात आणि दोन्हींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा यायला हवा. मीटर नसेल तर मोटार ड्राइव्हपासून सोडवा, एका कॉइलची दोन टोकं एकमेकांना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. कॉइल चांगली असेल तर शाफ्ट एकदम जड लागतो, टोकं सोडली की हलका होतो. ही परीक्षा केबलच्या ड्राइव्हकडच्या टोकाला घ्या आणि ॲक्सिस या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत तीन-चार ठिकाणी घ्या. माझी तुटलेली वायर अशीच सापडली.

चालू मशीनची वायर काढणं

वर सांगितलेलं कारणच इथेही लागू. मोटारचा प्लग काढताना किंवा लावताना वीज बंदच हवी. बटण बंद केल्यावरही पॉवर सप्लायचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा. मोटार आणि ड्राइव्हच्या मधे स्विच बसवायचा तर विचारही नको.

पॉवर सप्लाय उघडणार असाल तर जास्त सांभाळा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसच्या (म्हणजे याच पॉवर सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. मीटर लावून तो उतरल्याची खात्री झाल्याशिवाय आत बोट घालू नका. कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. फुगलं असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग असेल तर तो संपला. दर १० अंश जादा तापमानाला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या बंद डब्यात काय होत असेल ते सांगायला नको. पंख्याच्या जाळीत बसलेला एमडीएफचा भुसा महिन्याला ब्रशने काढा. वायर आत जाण्याची भोकं बुजवा. मेलेल्या पालीने सप्लाय शॉर्ट झालेला मी स्वतः पाहिला आहे.

नवा एसएमपीएस आणला तर बाजूला ११५ आणि २३० चा छोटा सरकता स्विच आहे का पाहा. तो ११५ वर असताना आपल्या लाइटवर लावला की सप्लाय तिथेच फुटतो.

जुने आकडे न लिहिता जुना बोर्ड काढणं

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा आणि मॅक३ किंवा जीआरबीएल या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले सगळे आकडे वहीत उतरवा. तीन मिनिटांचं काम आहे.

जुन्या बोर्डाऐवजी डीएम५४२ सारखे सुटे ड्राइव्ह बसवणं मला जास्त पटतं. एक गेला तर एकच बदलावा लागतो. पण त्यावरचे स्विच बहुधा मोटारच्या एका फेऱ्यामागे किती पल्स (ड्राइव्हला येणारे विजेचे ठोके) या आकड्यात असतात. फेऱ्याला २०० स्टेप घेणारी स्टेपर मोटार, आठपट मायक्रोस्टेप (ड्राइव्ह प्रत्येक स्टेपचे आठ भाग करतो) म्हणजे १६०० पल्स. स्क्रूची पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ५ मिलिमीटर, तर मिलिमीटरला ३२० पल्स. ड्राइव्ह ३२०० वर ठेवला आणि सॉफ्टवेअरमध्ये ३२० च राहिले, तर १०० मिलिमीटर मागितल्यावर मशीन ५० च जाईल.

करंटच्या तक्त्यात पीक (क्षणाचा कमाल करंट) आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असे दोन रकाने असतात. पीकचा आकडा आरएमएसच्या साधारण १.४ पट. मोटारवर लिहिलेला आकडा कोणता आहे ते बघूनच स्विच लावा. स्टेपर मोटार हात टिकणार नाही इतकी तापली तरी ती बिघडली असं नाही, पण गरज नसताना करंट चढवूही नका. डीएम५४२ ची मर्यादा ५० व्होल्ट असली तरी मी ३६ चाच सप्लाय लावतो. मोटार झटकन थांबताना वीज उलटी येते आणि ४८ च्या सप्लायवर तिला जागाच उरत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो एका टिकमार्कने. मॅक३ मध्ये पल्स कोणत्या कडेला मोजली जाईल ते ठरवणारा स्टेपचा ॲक्टिव्ह लो उलटा राहिला होता. मशीन छान चालतंय असं वाटायचं, पण दिशा बदलताना एखादी पल्स हुकायची. सरळ रेघेत काही कळत नाही. कमळाच्या पाकळ्या कोरताना मात्र टूल शेकडो वेळा मागे-पुढे होतं. मिलिमीटरला ३२० पल्स धरल्या तर दर वेळी एक पल्स गेली तरी ६४० वेळांत २ मिलिमीटर सरकतात, आणि पाकळी देठापासून सुटलेली दिसते. काम जितकं नक्षीदार तितकं सरकणं जास्त, असं दिसलं की आधी तो टिकमार्क उलटा करून बघा.

स्पिंडलच्या वायरीशेजारी सिग्नलची वायर

व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) चालणाऱ्या स्पिंडलची, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटारची, केबल आणि स्टेपच्या सिग्नलची केबल एकाच पट्टीने बांधू नका. सिग्नलच्या केबलमधली तारांभोवतीची धातूची जाळी कंट्रोल बॉक्सच्या बाजूलाच अर्थिंगला जोडा, दोन्ही टोकांना नाही. स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या तारेला सोल्डरचा डाग देऊ नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली बसत जातं आणि जोड सैल होतो. फेरुल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यात राहिलेले बॉक्स घेऊन काही जण माझ्याकडे आले. वरून सुकलेला बोर्ड सुकलेला नसतो. चिपच्या पायांमध्ये बसलेला गाळ दमट हवेत वीज वाहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय त्याला वीज दाखवू नका. सप्लाय मात्र धूत बसू नका, नवाच घ्या.

सगळं जोडून झालं की मोटार स्क्रूपासून सोडवलेली ठेवा आणि एकच ड्राइव्ह चालू करा. ती दोन्ही बाजूंना नीट फिरली की दुसरा, मग तिसरा. नंतर कपलिंग आवळा, टेबलाला डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) टेकवून शून्य करा आणि ॲक्सिस १०० मिलिमीटर दूर नेऊन परत आणा. असं पन्नास वेळा. माझी सुई शून्यावर परत आली तेव्हा कुठे मी महिरपीसाठी नवी सागवानी फळी कापली.