अ‍ॅम्प मोजण्याआधी मोजपट्टी मोजा

जुने अ‍ॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त करायचा मला नाद आहे. डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नलमध्ये शिरणारी विकृती, मोजायचं तर ऑडिओ प्रिसिजनसारखं प्रयोगशाळेतलं यंत्रच हवं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आता रेकॉर्डिंगवाले वापरतात तसला यूएसबी इंटरफेस (लॅपटॉपला आवाजाचं इनपुट-आउटपुट देणारी पेटी), मल्टिमीटर, मूठभर रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझर्ड) हे सॉफ्टवेअर यांवर माझं बहुतेक काम भागतं.

आरईडब्ल्यू जॉन मल्काही यांनी खोलीतला आवाज मोजायला लिहिलं. मूळ आवृत्ती मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. सिग्नल जनरेटर आणि स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे तो आलेख) दोन्ही त्यातच. त्यामुळे सॉफ्टवेअरवर खर्च करू नका, तो इंटरफेसच्या इनपुटवर करा.

इंटरफेस घेताना खोक्यावरच्या '24 बिट'ला भुलू नका. हिशेबाने तो 144 डीबीचा पल्ला होतो, पण तितकं शांत सर्किट कुणाकडेच नसतं. बॅलन्स्ड लाइन इनपुट (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळं ग्राउंड असलेलं) आहे का आणि जास्तीत जास्त किती व्होल्टेज घेतं, ते बघा. डीबीयू हे व्होल्टेजच्या पातळीचं माप: +20 डीबीयू म्हणजे 7.75 व्होल्ट. सॅम्पल रेटही कामापुरता बघा: 48 किलोहर्ट्झवर 24 किलोहर्ट्झपर्यंतच दिसतं, म्हणजे 10 किलोहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक (डिस्टॉर्शनमुळे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पटीवर उमटणारा सूर), 30 किलोहर्ट्झचा, दिसणारच नाही. तो हवा असेल तर 96 किंवा 192 घ्या. लॅपटॉपचं माइकचं भोक मात्र विसरा.

आणल्या आणल्या इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडा. फँटम पॉवर (माइकसाठीचा वीजपुरवठा) बंद, विंडोजची 'एन्हान्समेंट' बंद, शक्यतो एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजचा मिक्सर टाळून थेट इंटरफेसशी बोलणारा). 1 किलोहर्ट्झ सोडा आणि पातळी हळूहळू वाढवत डिस्टॉर्शन कुठे सगळ्यांत कमी येतं ते शोधा. बहुधा ते अगदी टोकाला नसतं, थोडं खाली असतं. समजा ते मूळ सुराच्या तुलनेत उणे 95 डीबी आलं. मग अ‍ॅम्पचं उणे 75 आलं, तर तो आकडा अ‍ॅम्पचा. उणे 92 आलं, तर कुणाचा ते सांगता येणार नाही. (उणे 80 म्हणजे 0.01 टक्के, उणे 100 म्हणजे 0.001 टक्के.) त्यातही ही उंदराला मांजर साक्ष: आउटपुट आणि इनपुट यांचे हार्मोनिक उलट्या फेजचे असले तर एकमेकांना खातात, आणि आकडा आहे त्यापेक्षा देखणा दिसतो.

अ‍ॅम्प थेट जोडायचा नाही. 8 ओहमवर 50 वॅट म्हणजे 20 व्होल्ट. इनपुट गेलंच समजा. मी 9.1 किलोओहम आणि 1 किलोओहम यांचा, व्होल्टेज कमी करणारा विभाजक डबीत बसवला आहे. कागदावर तो 0.099 पट देतो. पण माझ्या इनपुटचे स्वतःचे 10 किलोओहम त्या 1 किलोओहमला समांतर येतात, आणि हाती 0.091 उरतात. म्हणजे 20 व्होल्टचे 1.82. स्पीकरच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या खोळीतला 8 ओहमचा, 100 वॅटचा रेझिस्टर, हीटसिंकवर पक्का केलेला. हात लावू नका, चटका बसतो.

ब्रिज्ड (दोन्ही टर्मिनलवर सिग्नल देणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये 'वजा' टर्मिनल ग्राउंड नसतं. मी ते ग्राउंड धरून इंटरफेसला जोडलं आणि अ‍ॅम्पची एक बाजू उडवली. तिथे दोन्ही टर्मिनलना एकेक विभाजक लावून बॅलन्स्ड इनपुटच्या दोन तारांना द्या.

सॉफ्टवेअरमधला आकडा खऱ्या व्होल्टेजशी जुळवायला स्वस्त मल्टिमीटर चालतो, पण 1 किलोहर्ट्झवर नको. त्यातले बरेच काहीशे हर्ट्झच्या वर एसी नीट वाचत नाहीत. 100 हर्ट्झवर 1 व्होल्ट लावून जुळवा. स्पेक्ट्रममध्ये 50 किंवा 60 हर्ट्झचे (घरातल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीचे) काटे उभे दिसले, तर अ‍ॅम्पला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

स्पीकर मोजायचे असतील तर यूमिक-1 हा मोजणीचा माइक घ्या, प्रत्येक नगाची कॅलिब्रेशन फाइल मिळते. भूक वाढलीच तर पुढे ई1डीएचा कॉसमॉस एडीसी किंवा क्वांटअसायलमचा क्यूए403 ही खास मोजणीची यंत्रं आहेत. मी अजून पहिल्याच इंटरफेसवर आहे. विभाजकाच्या डबीवर चिकटपट्टी लावून 0.091 लिहिलंय, इंटरफेस बदलला की पट्टी सोलून नवा आकडा लिहायचा.